दादाच्या पेशी आणि दादा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे सर आणि समोर बसलेल्या सगळ्या थोरामोठ्यांनो, नमस्कार.

मी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. शाळा अर्ध्यात सोडून इतक्या लांब कामाला आलो, त्यामुळं भाषणाची सवय नाही. सरांबद्दल चार चांगले शब्द बोल, असं सांगितलंय. बोलतो.

सरांनी माझ्या थोरल्या भावाच्या दंडाची चिमूटभर कातडी घेतली. तिच्या पेशी उलट्या फिरवून मूळपेशी केल्या, म्हणजे पुढं वाटेल ते होऊ शकतील अशा, आणि त्यांतून मेंदूच्या पेशी वाढवल्या. दादाच्या मेंदूचा आजार आता बशीत बघता येतो. आहे की नाही किमया? मघाशी पडद्यावर त्या पेशींचे रंगीत फोटो आले, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आणि स्वतः दादा? तो बघा, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. हात थरथरतात, लाळ गळते. चहाचा कप सांडला तेव्हा शेजारच्या बाईंनी खुर्ची लांब ओढली. "ह्यांना कुणी आणलं इथं?" म्हणाल्या. किळस मलाही आली, बाई. लाळेची नव्हे.

दादा एवढा प्रवास करून टाळ्या वाजवायला आलेला नाही. त्याला एकच विचारायचंय, हे दुखणं माझ्या पोरीला होणार का? मघाशी त्यानं सरांना गाठलं. त्याची जीभ अडखळते, वेळ लागतो. सर घड्याळ बघत म्हणाले, "अहो, तुमच्या पेशी अगदी मजेत आहेत!" भोवतालचे खो खो हसले. दादाही हसला, उगाचच. 

सर, त्या पेशींना सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन खाऊ घालतं. आणि ज्याच्या त्या आहेत, त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुम्हाला थांबवेना? उत्तर तुमच्याकडं नसेल, किंवा द्यायची मुभा नसेल. त्यातलं मला कळत नाही. मग कुणाला विचारायचं, तेवढं तरी सांगा. उद्या तुम्ही गेलात की आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

अध्यक्षसाहेब खुणा करताहेत. संपवतोच. बोलू दिलंत, उपकार झाले. तोंडून कमीजास्त गेलं असेल तर अडाणी म्हणून सोडून द्या.

सर, दादाला या व्यासपीठाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. तुम्हाला उतरता येतात.