डिफ्रॅग अन् वाळूच्या बादल्या

तुमचा कॉम्प्युटर हळू चालते म्हणता? आमच्या दिग्रसच्या जिनिंगमधला पाहाले पाह्यजे होता! कापसाच्या गाडीचं वजन टाकलं का चहा पिऊन या, तवा कुठं पावती निघे. शेठजी काही नवा घेऊन देत नव्हते. म्हणून एक दिवस मी त्यातलंच डिफ्रॅग सुरू केलं.

शेठजी म्हणे, “हे काय करून राह्यला?”

म्हटलं, “शेठजी, फायलींचे तुकडे डिस्कभर पांगले आहेत. हे त्यायले गोळा करून एका जागी आणते. तोवर हात नका लावू.”

डिस्क जुनी, घर्रघर्र वाजे. इतक्यात आमचे फिटर गजाननभाऊ ऑफिसात पाणी प्याले आले. आता जिनिंगच्या माणसाचा कान कसा असते? कापसात खडा आला अन् मशीन खरखरली, का पयले मेन स्विच पाडायचा. एक ठिणगी उडाली तर कापसाची सारी गंजी खाक! भाऊनं घरघर ऐकली, डब्ब्याले हात लावला, तर गरम.

“ऑफिसात खडा आला रे!” करून बोंबलले अन् धावत जाऊन अख्ख्या जिनिंगचा स्विच पाडला.

झालं! स्विच पडला म्हणजे आग लागली समजून जो तो वाळूची बादली घेऊन ऑफिसात. मी कॉम्प्युटरले कवटाळून ओरडून राह्यलो, “नका टाकू रे वाळू! आग नाही, डिफ्रॅग आहे!”

शेठजीनं साऱ्यायकडं एकदा पाह्यलं अन् शांतपणे मले म्हणे, “फायलींचं मले माहीत नाही बाप्पा, पण जिनिंगभर पांगलेली माणसं तं तुह्या डिफ्रॅगनं एका जागी आणली.”