भरीत-रोडग्याचा घास

—न्हाय, न्हाय, नसीमबी, घाबरू नका, ऑपरेशन करूनच घ्या हनीफभाईंचं. लोहाऱ्याहून जीप बदलत अणदूरपर्यंत आलात ते हेच विचारायला ना? मग सांगते की. आमच्या ह्यांच्या गालातली गाठ काढली, जबडाही थोडा गेला, अन् ती जागा भरायला छातीचं मांस कातड्यासकट वर नेलं. तोडून न्हाय हं — मानेतून आतल्या आत वळवून नेतात, रक्त चालू राहावं म्हणून. मला लई धास्ती, छातीचं मांस गालात कसं नांदायचं? पण आमचा खंडोबा बघा — देव एकच, बरेच महिने आमच्या अणदूरला, मग नळदुर्गला. तिथं गेला म्हणून परका होतो का? तसंच म्हटलं हे. अन् नांदलं की! छातीचे केस गालाच्या आत उगवायला लागले. तेव्हा हे बोबडं का होईना बोलायचे, म्हणाले, “आता न्हाव्याला तोंडात बसवावं लागतंय.” हसता तुम्ही? हसा. मीही लई हसले होते.

नाकातली नळी? ती सगळ्यांनाच घालतात, पोटात अन्न जायला. निघते पुढं. आमची... आमची अजून आहे. आता विचारलंच आहे तर — डॉक्टरांनी घोट घोट दूध पाजून बघा म्हणून सांगितलं होतं, मानेच्या टाक्यातून काही बाहेर आलं तर लगेच घेऊन या म्हणाले. मी रोज विचारायची, अहो, काही ओलं लागतंय का? हे मान हलवायचे, न्हाय. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं, मला वाटायचं गार वारं सोसत नसेल. अन् माझा नवस होता ना! देव नळदुर्गला निघायच्या आधी ह्यांना तोंडानं नैवेद्याचा घास भरवीन म्हणून. साऱ्या गल्लीला सांगून बसले होते मी. देव निघायच्या दिवशी भरीत कालवलं, रोडगा त्यात कुस्करून लोण्यासारखा केला, अन् देवळात माझ्या हातानं घास दिला. ह्यांनी डोळे मिटून गिळला. नसीमबी, मी तिथंच ओरडून रडले, येळकोट म्हणायचाही राहिला. जगदेवीनं, माझ्या जावेनं, भंडारा उधळला, सगळे पिवळे.

घरी येऊन उपरणं धुवायला घेतलं. आतल्या बाजूला वांग्याच्या बिया.

अन् बियांच्या खाली दुधाचे डाग — वाळलेले, कडक, एकावर एक. म्हणजे बघा, कधीपासून मानेच्या भोकातून सगळं बाहेर येत होतं, अन् ह्यांनी दाबून धरलं. का, तर माझा नवस मोडू नये. ताप चढला, गालातलं मांस कडेनं काळं पडत गेलं, वास सुटला. दवाखान्यात नेलं तेव्हा अर्धं काढूनच टाकावं लागलं. आता दुसऱ्या बाजूच्या छातीचं घेऊ म्हणतात डॉक्टर. हे छातीवर हात ठेवतात अन् बोट हलवतात — न्हाय. होतील तयार, का न होतील? देव काय सोडणार आहे मला? पण आताशा त्याच्यापुढं हात जोडले की काय मागू, तेच कळत न्हाय.

अहो, रडू नका हो. तुमच्या हनीफभाईंचं असं होणार न्हाय, मांस बहुतेकांचं धरतंच, डॉक्टर खोटं कशाला सांगतील? मागा, तुम्हीही मन्नत मागा, चादर चढवा. फक्त त्यांना सांगू नका. अन् रोज स्वतःच्या हातानं गळा उघडून बघा, न्हाय म्हणाले तरी बघा —

वाटी वाजली — हाक म्हणजे वाटीच आता. उठले हे. तुम्ही मागल्या दारानं जावा, नसीमबी. पाहुणं दिसलं की हे हसायला जातात, अन् गाल अर्धाच उरलाय.

जावा ना.