कोपऱ्यातला टवका

रत्नं तपासणाऱ्या माणसाकडे घड्याळजी आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. दुसऱ्यांच्या भानगडीत त्यांना कान द्यायचा नव्हता, पण टेबलापाशी बसलेल्या दोघी बहिणींचा आवाज चांगलाच चढला होता.

"आईच्या अंगठीतला खडा जांभळा होता. हा पिवळा. हिनेच बदललाय!"

"ताई, मी तुला दिली तेव्हा जांभळाच होता."

"खडा तोच आहे," तपासनीस म्हणाला. "कोपऱ्यात टवका होता म्हणालात ना? हा बघा."

"मग रंग कुठे गेला?"

"मुळात हा स्फटिक पाण्यासारखा. कणभर लोखंड आत शिरलं आणि खडा जमिनीत मुरला, म्हणून जांभळा. माणकात दुसरा धातू शिरतो, म्हणून ते लाल. पण हा खडा फार तापला की पिवळा पडतो. अंगठी ज्योतीखाली गेली होती?"

"माझ्याकडे असताना तरी नाही. ताई?"

"माझ्या बोटात जाईना, म्हणून सोनाराकडून वाढवून घेतली. इतकंच."

"खडा न काढता?"

"काढायचा असतो हे मला काय ठाऊक! परत जांभळा होईल ना हो?"

"माझ्याच्यानं नाही व्हायचा."

"बरं, झालं ते झालं. चल घरी."

"थांब. दादाला काय सांगितलंस?"

"अगं, रागाच्या भरात..."

"आणि मामीला?"

"मामीनं स्वतःहून विचारलं."

"लाव फोन. आधी दादाला."

"इथे? लोकांसमोर?"

"मला चोर ठरवताना कुठे आडोसा शोधला होतास? इथे तर हे दोघेच आहेत."