ओठ बसत नाहीत

त्या खुर्चीवर नको, दिग्दर्शकसाहेब—आठवण-बिठवण काही नाही तिच्यात, एक पाय मोडलाय, तुम्ही पडाल आणि लोक म्हणतील म्हातारीने ढकललं. इथे स्टुलावर टेका. हां. काय म्हणत होतात—ओठ बसत नाहीत. परत म्हणा बरं, कानाला गोड लागतं. इतकी वर्षं डब्यात पडून राहिलेलं पिक्चर, आता तुमच्या सत्काराला दाखवायचं, आवाज भरायला मशीन आलंय, मेलेल्या माणसाला बोलतं करतं म्हणे—आणि शेवटच्या सीनला तेही थकलं. म्हणून जिना चढून आलात. धाप लागलीय ना? लागू दे. पाणी मागू नका. पाण्यावर येऊच आपण.

तिचा आवाज म्हणजे मी, हे आता तुमच्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक? लोक म्हणायचे, काय तो चेहरा आणि काय ते मधाळ बोलणं—चेहरा माझ्या धाकट्या बहिणीचा, बोलणं माझं. तिचा घसा लहानपणीच्या दुखण्यात गेला, बोलली की कुणी पत्रा ओढतंय असं वाटायचं. आणि माझा चेहरा—तुम्हीच म्हणाला होतात, ताईंना कॅमेऱ्यापासून लांब ठेवा, काच तडकेल. सगळं युनिट हसलं. मीपण हसले. विसरले नाही, एवढंच. पण खारूला लागलं ते—घरात आम्ही तिला खारूच म्हणायचो, खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून. एरवी दादा दादा करायची, तिने तुमच्याशी बोलणं टाकलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मुकी हिरॉईन बरी, खर्च कमी. चपलांच्या दुकानात खोकी रचत होती हो, तिथून उचललीत, आणि बघता बघता न्हाव्याच्या आरशावरसुद्धा तिचा फोटो. पंचविशी काही बघितली नाही तिने. तुम्ही बघा किती बघितलंत, दातसुद्धा नवे बसवलेत.

डबिंगच्या त्या काळोख्या खोलीत तिचा एकेक तुकडा पडद्यावर परत परत फिरायचा आणि मी तिच्या ओठांकडे बघत बोलायची. बोलण्याआधी तिचा खालचा ओठ डावीकडून सुटायचा, लटकं बोलताना हनुवटी पुढे यायची. आईला तिचं मन कळलं नसेल एवढे मला तिचे ओठ कळायचे. तुम्हाला काय कळायचं? उजेड किती उरलाय ते. त्या दिवशीही तेच कळत होतं तुम्हाला. तळ्यावर मी बजावलं होतं, तिच्या अंगात ताप आहे, आज पाण्यात उतरवू नका. हो हो ताई, म्हणालात—आणि मलाच गाडीत घालून डबिंगला पाठवलंत, तिकडे काम अडलंय म्हणून. मी बंद खोलीत तिचं प्रेमाचं बोलतेय आणि इकडे तुम्ही तिला छातीएवढ्या पाण्यात उभी करून, वरून पाऊस पाडून, अजून एक, अजून एक. छातीत कफ झाला. आठवडा नाही काढला पोरीने. आणि शोकसभेत रुमाल भिजवून काय बोललात—शॉट ओके होईपर्यंत ती बाहेर आली नाही, अशी निष्ठा. निष्ठा म्हणे.

मग महिन्याभरात मला बोलावलंत, आवाज भरायला. मी आले, तो सीन बघितला आणि उठून गेले. तुम्ही पेपरात छापून आणलंत, बहिणीला दुःख सोसवेना. दुःख? अहो, मला ऐकू आलं ते सोसवेना. लिहिलेलं वाक्य काय होतं—'तुम्ही परत या, मी इथेच उभी राहीन.' कसं बसेल ते? कोण म्हणत होतं ते? तिचा स्वतःचा आवाज तर घेतच नव्हतात तुम्ही, तोंड हललं की झालं, मग तिला जे म्हणायचं ते ती म्हणाली. तुम्ही काठावरच होतात. पाऊस पाडणारा पंप घरघरत होता, ऐकू आलं नसेल—चला, तुमच्या बाजूने मीच बोलते. पण मग असे खाली का बघताय?

मला वाटलंच होतं.

आवाज अजून तसाच आहे माझा. जपलाय. आरडाओरडा नाही, गार पाणी नाही—रोज सकाळी तिच्यासारखी स्वतःलाच हाक मारते, ताई, ऊठ ना, चहा टाक—ते जाऊ दे. ते तुमच्या कामाचं नाही. काढा तो मोबाईल. ठेवा इथे. चालू करा म्हणते ना. हवं होतं ना डबिंग? माझंच काम आहे ते, करून देते. सीन लावायला नको, पाठ आहे मला.

'ताई कुठंय? ताईला बोलवा ना. मला फार थंडी वाजतेय. दादा, हात द्या. पुरे झालं आता, मला बाहेर काढा.'

घ्या. आता बसतील ओठ. लावा तुमच्या सत्काराला, हार गळ्यात असतानाच लावा. नाही लावलंत तरी माझी हरकत नाही, राहू दे डब्यात—पण आजपासून तो सीन तुम्हाला मुका नाही. मोबाईल बंद करायची घाई कशाला, तुमचं नाक ओढणंही आलंय त्यात, असू दे. उठा. जिन्यात दिवा नाही, भिंतीला धरून उतरा. हात मी देणार नाही.