तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये

— तर सांगत काय होतो वहिनी, या इमारतीत माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही. बत्तीस वर्षं लिफ्ट चालवतोय, मोठ्या साहेबालासुद्धा वर जायचं तर आधी माझं तोंड बघावं लागतं! आता जिना आहे म्हणा. आणि बटण काय, शेंबडं पोरही दाबतं. सांभाळून, पायरी तुटलीय. हं, हे तुमच्या मिस्त्रीचं कपाट. काढून टाकलेल्या माणसाचं सामान द्यायला म्हणे साक्षीदार लागतो — आणि साक्षीदार कोण, तर मी! हसा की. नाही? बरं.

हे स्क्रूड्रायव्हर — मुठीला निळी पट्टी, म्हणजे त्याचे स्वतःचे, कंपनीचे नव्हेत. हा चष्मा, काडी दोऱ्यानं बांधलेली — मी म्हणायचो, आधी हा दुरुस्त कर, मग लिफ्ट. हा स्वेटर तुम्ही विणलेला ना? एक बाही लांब आहे, त्यावरून ओळखलं. माफ करा, जिभेला हाड नाही माझ्या. ही वही — राहू द्या, नुसत्या रेघोट्या आहेत — बरं, बघा. लिफ्टची तार न् तार काढलीय त्यानं. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकायची ना, तेव्हाची. दर वेळी सगळं उघडायचा, मी शेजारी बॅटरी धरून उभा, आणि शेवटी रजिस्टरात लिहायचा — ‘दोष आढळला नाही’. मी म्हटलं, अरे बाबा, ओलावा लिही, उंदीर लिही, कोण बघतंय! तर म्हणाला, सापडलं नाही तर खोटं कसं लिहू? आणि साहेबानं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. चार वेळा अडकते आणि चारही वेळा दोष नाही? म्हणजे हा आंधळा तरी, नाहीतर कामचुकार तरी. झालं, त्याच दिवशी घरी.

दोष नव्हताच हो. म्हणजे — मला काय कळतं, चौथी नापास माणूस मी — एवढंच म्हणतो, त्यानं लिहिलं ते बरोबर होतं. कशावरून? आता असं बघा, माझ्या स्टुलाजवळ खाली एक खटका आहे. टाचेनं दाबला तर कुणाला दिसत नाही. लिफ्ट थांबते, आतल्यांचे चेहरे पांढरेफटक — मग मी डोळे मिटायचे, दाराला हात लावायचा, काहीबाही पुटपुटायचं, टाच उचलायची, की चालू! टायपिस्ट बाया मला बाबा म्हणायला लागल्या होत्या. एकीनं तर मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं! गंमत हो, नुसती गंमत. चौथ्या वेळी आत साहेबांचे पाहुणे निघाले, त्याला मी काय करू? मला वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल, बोलावतील. मग वाटलं, त्याच्या हातात कला आहे, कुठंही लागेल. लागला असेलच ना?

नाही?

काय म्हणता — आलेलं काम परत पाठवलं? ‘एवढा दोष सापडत नाही, लोकांच्या जिवाशी कसा खेळू’ म्हणाला? आणि अजून कागदावर तारा काढत बसतो? जेवतानासुद्धा?

वहिनी, त्याला सांगा — नाही, नको, सांगू नका. किंवा असं सांगा, नव्या मिस्त्रीला दोष सापडला — छे, ते तर आणखी वाईट. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय हो माझ्या, बत्तीस वर्षांत नावावर एक डाग नाही. त्या दिवसापासून मी स्टुलावर मांडी घालून बसतो, शपथेवर सांगतो, पाय खाली सोडतच नाही — लोक हसतात, मी त्यांच्याहून मोठ्यांदा हसतो. बरं, ही यादी, इथं सही करा. सामान मिळालं, तक्रार नाही. आणा ती पिशवी, फाटकापर्यंत सोडतो, गाडी बघून देतो. चला ना. अशा काय बघताय?

“पिशवी राहू द्या, भाऊजी. साहेब कितव्या मजल्यावर बसतात? चला, तुमच्या लिफ्टनंच जाऊ.”