घड्याळजीच्या घरात वाळू

...नाही, पण मी म्हणतो, वाळूच का? जगातल्या मऊ वस्तू काय संपल्या होत्या? कापूस आहे, लोकर आहे, झालंच तर माझं डोकं आहे, तेही या वर्षभरात चांगलं मऊ पडलंय... पण नाही, वाळू! आणि कुणाच्या घरात, तर घड्याळजीच्या. तुम्हाला सांगतो, मी घड्याळ उघडलं ना की श्वास रोखतो. खिडकी बंद, पंखा बंद, बायकोला शिंक आली तर तिने जिन्यात जायचं. अठरा वर्षं त्या टेबलावर बसतोय, माझ्या हातून गेलेलं एक घड्याळ कधी परत आलं नव्हतं. आणि त्या टेबलापासून चार पावलांवर परातभर वाळू. का, तर मुलाला स्पर्शाचा अनुभव मिळाला पाहिजे.

हे वाक्य माझं नाही हं. मेव्हणीचं. बायकोची धाकटी बहीण, बालवाडीत शिकवते, आणि रविवारी तिथेच एका खोलीत लहान मुलांचा वेगळा वर्ग घेते. घरात आली की आधी आमच्या ठकीचे हात बघणार. ठकी म्हणजे आमची मुलगी, चार वर्षांची. हात उलटेसुलटे करून बघते आणि म्हणते, "ताई, अगं हिचे हात किती स्वच्छ आहेत!" तक्रार करते हो! मग पर्समधून चार कागद काढले. एकेका ऋतूला एकेक खेळ. बायकोने ते कपाटाच्या दाराला चिकटवले, आणि आमच्या घराला साडेसाती लागली.

पानगळीला वाळकी पानं. मुलाने ती चुरगळायची आणि आवाज ऐकायचा. ठकीने ऐकला. आम्ही तो चुरा महिनाभर गाद्यांतून, चपलांतून, एकदा तर चहातून काढला. थंडीत बर्फ. प्लास्टिकचे प्राणी पाण्यात घालून गोठवायचे आणि मुलाने त्यांना सोडवायचं. हत्ती सोडवायला ठकीने माझा बारीक हातोडा नेला. हत्ती सुटला, सोंड राहिली. तरी मी गप्प. बायको म्हणाली, "अहो, किती रमलीय बघा." मी बघितलं. माणूस संसारात काय काय बघतो!

आणि मग उन्हाळा, आणि ती वाळू.

एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत, वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ आजही वापरतात. ते मी साफ करून दिलं होतं. चौथ्या दिवशी बाई दारात. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कान लावा." लावला. किर्र... किर्र... उघडलं, तर आत वाळूचा कण. एकच. बाई चिडल्या नाहीत हो, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "तुमचं हल्ली लक्ष लागत नाही वाटतं." आणि घड्याळ उचलून गेल्या, कुणाकडे, तर चौकातल्या त्या पोराकडे, ज्याला बॅटरी बदलण्यापलीकडे काही येत नाही. तुम्हाला सांगतो, त्या रात्री जेवण गेलं नाही मला. अठरा वर्षांचं नाव, एका कणात गेलं.

बायकोने बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं. आणि ती हसली! फोनमधून मला इथपर्यंत ऐकू आलं. "एक कण? ताई, मुलाला स्पर्शाचा अनुभव मिळाला पाहिजे ना!"

तेव्हाच ठरवलं. आता तुला देतो अनुभव.

कारण मेव्हणीचं स्वतःचं घर बघितलंय का तुम्ही? नवीन घेतलंय. मधोमध गालिचा, पांढराशुभ्र. पाहुण्यांनी पाणी प्यायचं ते स्वयंपाकघरात उभं राहून. लोकाच्या घरात वाळू आणि आपल्या घरात पांढरा गालिचा! आणि चौथ्या कागदावर, तिच्याच वळणदार अक्षरात, काय लिहिलं होतं? पावसाळा. चिखल.

माती मी स्वतः आणली. स्वतः कालवली, दोन दिवस मुरत ठेवली, त्यात बिया टाकल्या, मणी टाकले. इतक्या प्रेमाने मी आयुष्यात काही केलेलं नाही. बायकोला म्हटलं, चल, तुझ्या बहिणीकडे जाऊ. तिला वाटलं, राग गेला. बिचारी. शनिवारी दुपारी तिघं दारात, माझ्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात परात.

गालिच्याच्या बरोबर मध्यावर परात ठेवली, अर्धी बादली ओतली. मेव्हणीचा चेहरा गालिच्याच्या रंगाचा झाला. "भाऊजी... इथे?" मी म्हटलं, "का? मुलाला स्पर्शाचा अनुभव मिळाला पाहिजे." काय सुख वाटलं म्हणून सांगू! ठकीला म्हटलं, हं बाळा, होऊन जाऊ दे.

ठकी बसली. बाह्या वर केल्या. एक डोळा मिटला. आणि खिशातून काय काढलं, तर माझा जुना चिमटा! श्वास रोखून तिने चिखलातून एक मणी उचलला, रुमालावर ठेवला. मग दुसरा. मग बी. गालिच्यावर थेंब नाही. मी कुजबुजलो, "अगं हात घाल, कोपरापर्यंत घाल!" तर म्हणते, "बाबा, बोलू नका. कण उडेल."

खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला माझा. पण माझा सूड? तो गेला ना मातीत! मी तावातावाने उठलो, मागे सरलो, पाय लागला बादलीला... आणि बादलीच्या मागोमाग मी. बसलोच. पांढऱ्या गालिच्यावर, चिखलात.

मग मेव्हणी आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली, गालिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि वर्गातला तो गोड आवाज काढून म्हणाली, "कसं वाटतंय भाऊजी? गार वाटतंय ना? मऊ वाटतंय?" आणि बायकोकडे वळून, "ताई, यांना लहानपणी स्पर्शाचा अनुभव मिळालेलाच नाही गं." बायको म्हणाली, "मला वाटलंच होतं."

गालिचा मी धुतला. तीन वेळा. डाग आहे अजून. आणि दोघी बहिणींनी मिळून परस्पर ठरवूनही टाकलं. आता दर रविवारी दहा वाजता मीही ठकीबरोबर वर्गाला जायचं. खुर्ची एवढीशी, गुडघे कानाशी येतात. परवा पहिल्याच दिवशी शेजारचा मुलगा टक लावून बघायला लागला माझ्याकडे. तर ठकी त्याला समजावते, "बाबा आहेत माझे. नवीन आहेत, त्यांना सांभाळून घे."