जाऊ देताहेत

दंतवैद्याकडे बसलेल्या शिंपीणबाईंची दाढ ठणकत होती, तरी कान शेजारच्या दोघी बहिणींकडे लागले होते. धाकटी कारखान्यात दुभाषी होती.

"ताई, साहेब काल त्या रशियन वेल्डरला इंग्रजीत म्हणाले, 'वी आर लेटिंग यू गो.'"

"म्हणजे कामावरून काढलं."

"मी रशियनमध्ये सांगितलं, 'साहेब तुम्हाला जाऊ देताहेत.'"

"अगं, शब्दाला शब्द ठेवलास? मग?"

"तो खुलला. साहेबांचा हात धरून म्हणाला, 'बायको आजारी आहे, आज लवकर घरी जायचंय, हे तुम्हाला कसं कळलं?'"

"तेव्हा तरी चूक कळली ना?"

"कळली. पण साहेबांना म्हटलं, आभार मानतोय."

"अरे देवा!"

"आज सकाळी तो डबा घेऊन कामावर हजर. फाटकावर अडवलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, 'हिला विचारा, हिला सगळं माहीत आहे.'"

"मग सांगितलंस?"

"दाढ दुखतेय म्हटलं आणि घरी आले."

"म्हणजे दुखत नाहीये? आणि मी मेली तुला ओढत इथे घेऊन आले!"

आतून धाकटीच्या नावाची हाक आली. ती जागची हलेना. शिंपीणबाईंनी पाय आवरून वाट करून दिली.

"जा," ताई म्हणाली. "तिथे नाही उघडलंस, इथे तरी तोंड उघड."